पाचवं अक्षर

घेवड्याच्या शिरा काढायला तशी अक्कल लागत नाही, पण लक्ष लागतं. देठाकडचं टोक नखानं अर्धवट मोडायचं, पूर्ण तोडायचं नाही, आणि तेच टोक धरून शीर खालपर्यंत ओढत न्यायची. टोक पूर्ण तुटलं की संपलं. मग शीर हाताला लागत नाही आणि जेवताना कुणाच्या तरी दातात सापडते. श्रावणातल्या एका दुपारी पंख्याखाली वर्तमानपत्र पसरून मी हेच करत बसले होते, तेव्हा ती आली. बारा वर्षांपूर्वी बारावीला माझ्या वर्गात होती. पुढून दुसऱ्या बाकावर बसायची आणि फळ्यावरचं सगळं, मी खोडलेलंसुद्धा, उतरवून घ्यायची. आता लग्न होऊन चार वर्षं झालेली, तिसरा महिना सरत आलेला. हातात बटणाची पारदर्शक फाइल. दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या की माणसाच्या हातात ही फाइल कुठून येते कोण जाणे, पण येते.

तिचं रक्त कॉलेजात असल्यापासून कमी भरायचं. फिकट दिसते म्हणून लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, लोखंडी कढईतली पालेभाजी, सगळं करून झालेलं. दिवस राहिल्यावर कुणीतरी नीट बघितलं, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसीची तपासणी केली, आणि ए-टू नावाचं हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांच्या आत असायला हवं ते पाचाच्या वर निघालं. थॅलॅसेमिया मायनर. म्हणजे आजार नव्हे, नुसती वाहक. मग नवऱ्याची तपासणी, तर तोही वाहक. मग दोघांच्या जनुकांची तपासणी. तिनं दोन कागद शेंगांच्या शेजारी ठेवले. दोन्हींवर एकच ओळ छापलेली: आयव्हीएस १-५, जी > सी. म्हणजे जनुकाच्या लिखाणात एका ठिकाणी जी या अक्षराच्या जागी सी. दोघांचं सारखंच निघालं यात नवल नव्हतं, भारतात बीटा थॅलॅसेमियाच्या वाहकांत सगळ्यात जास्त सापडणारा बदल हाच. पण ते वाक्य पुस्तकात वाचणं निराळं आणि घेवड्याच्या शेजारी ठेवलेल्या दोन कागदांवर बघणं निराळं. बाळाचा नमुना आदल्या आठवड्यात घेतला होता. चारात एक शक्यता मेजरची. मेजर म्हणजे जन्मभर दर दोन-चार आठवड्यांनी बाहेरचं रक्त, आणि त्या रक्तातून साठणारं लोह बाहेर काढायला पुन्हा औषधं.

हे सगळं तिला पाठ होतं. ते विचारायला ती आलीच नव्हती.

‘मॅडम,’ ती म्हणाली, ‘आयव्हीएस म्हणजे इंटरव्हेनिंग सीक्वेन्स. म्हणजे इंट्रॉनच ना? मी बघितलं मोबाइलवर. तुम्ही शिकवलं होतंत, इंट्रॉन म्हणजे नको असलेला भाग, पेशी तो कापून फेकून देते. मग फेकूनच द्यायचंय तर तिथं जी असला काय नि सी असला काय! बिघडतं कशानं?’

मी म्हणाले, ‘अगं, ते जरा गुंतागुंतीचं असतं. थांब, चहा ठेवते.’

चहा ठेवते, हे काही उत्तर नव्हे.

ती गेल्यावर शेंगा तशाच पडून राहिल्या. उत्तर मला येत नव्हतं असं नाही. येत होतं. एम.एस्सी.ला आम्ही ते शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. पण बारावीच्या वर्गात २७ वर्षं मी जे एक वाक्य सांगत आले, ते त्या उत्तराच्या आड आलं. ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे डीएनएवरून आरएनएची नक्कल, संपवायचं, तास संपायला सात मिनिटं उरलेली, पुढच्या तासाला ट्रान्स्लेशन, म्हणजे त्या नकलेवरून प्रथिन, सुरू करायचं असतं. तेव्हा फळ्यावर एक लांब पट्टी काढायची, त्यात तिरक्या रेघांनी चार-पाच तुकडे रंगवायचे आणि म्हणायचं, ‘लिहून घ्या. इंट्रॉन : निरुपयोगी भाग. आरएनए तयार झाल्यावर हा कापला जातो आणि उरलेले भाग, म्हणजे एक्झॉन, एकमेकांना जोडले जातात. यालाच स्प्लायसिंग म्हणतात.’ वर एक विनोदही ठरलेला. शिंप्याकडे झबलं शिवायला टाकलं तर चिंध्या घरी आणता का? पोरं हसायची. घंटा व्हायची. शिंप्याचा दाखला चुकीचा आहे हे मला तेव्हाही कळायला हवं होतं. शिंपी खडूनं रेघ कापडावर आखतो. आणि त्यानं कात्री कुठं चालवायची, हे चिंधी त्याला सांगत नाही.

खरं तर स्प्लायसिंग हा शब्द मी जीवशास्त्राच्या कितीतरी आधी ऐकला होता, घरात. बाबा रेडिओवर होते. रविवारी दुपारी केंद्रावर शुकशुकाट असायचा तेव्हा कधीतरी मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. एसीचा थंडगार वास, जाड दारं, आणि आत गेल्यावर कानांत दडे बसावेत अशी शांतता. मोठ्या मशीनवर दोन चकत्या, त्यांच्यावर पाव इंची तपकिरी फीत. बाबा एका हातानं चकती पुढं-मागं हलवायचे आणि त्यातून माणसाचा आवाज यायचा तो माणसाचा वाटायचाच नाही. व्वॉव, व्वॉऽव, जणू कुणी विहिरीत बसून रडतंय. त्या रडण्यातून त्यांना शब्दाची सुरुवात ऐकू यायची. मग पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीनं फितीच्या पाठीवर खूण. फीत उचलून धातूच्या एका लहानशा ठोकळ्यात बसवायची. त्याला मधोमध एक खाच आणि खाचेला आडवी, तिरकी फट. फटीतून दाढीच्या ब्लेडचा अर्धा तुकडा ओढायचा. चर्र. दोन टोकं खाचेत एकमेकांना भिडवायची, वरून पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, आणि अंगठ्याच्या नखानं घासून घासून तो असा बसवायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. ‘हे स्प्लायसिंग,’ बाबा म्हणाले होते. मला ते एखाद्या मिठाईचं नाव वाटलं होतं.

फीत सेकंदाला साडेसात इंच पळायची. त्यामुळे बाबांच्या लेखी आवाजाला लांबी होती. खोकला सात इंच. श्वास तीन-चार इंच. शेतीच्या कार्यक्रमात एखादा शेतकरी वाक्यावाक्याला ‘म्हंजी’ म्हणायचा. बाबा एका मुलाखतीतून असे वीतभर लांबीचे पंधरा-वीस ‘म्हंजी’ काढायचे. पण सगळे काढायचे नाहीत. सगळे काढले तर माणूस बातम्या दिल्यासारखा बोलायला लागतो, म्हणायचे. कापलेले तुकडे टोपलीत पडत, आणि मी ते खिशात कोंबून घरी आणत असे. आमच्या गल्लीत पतंगाला असली शेपटी दुसऱ्या कुणाच्याच नव्हती. उन्हात झळझळायची, वाऱ्यावर भुणभुणायची. उसावरच्या कुणा शेतकऱ्याचे ‘म्हंजी’ संक्रांतीला आमच्या गच्चीवर आकाशात फडफडत असायचे.

त्या ठोकळ्यापाशी उभी असताना मी एकदा विचारलं होतं, पेन्सिलीची खूण नेहमी टाकायच्याच तुकड्यावर का करता? बाबा म्हणाले, ठेवायच्या फितीवर मेण कशाला? गुंडाळल्यावर पुढच्या वेढ्याला लागतं. खूण टाकायच्या भागावर करायची, म्हणजे कापल्यावर ती आपोआप जाते.

परवा घेवडा निवडताना ते वाक्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी आठवलं, आणि मी हातातली शेंग खाली ठेवली.

कारण पेशीही हेच करते. जनुकाची नक्कल म्हणून जो लांबलचक आरएनए तयार होतो, त्यात प्रत्येक इंट्रॉनची सुरुवात जवळजवळ नेहमी जी-यू या दोन अक्षरांनी होते आणि शेवट ए-जी या दोन अक्षरांनी. इथून कापा, इथपर्यंत कापा. या चारही अक्षरांची मालकी इंट्रॉनची. शेवटाच्या थोडं अलीकडे, वीस-चाळीस अक्षरांवर, एक ए असतो. त्याला पकडून पुढची सगळी गंमत होते, आणि तोही इंट्रॉनमधलाच. ठेवायच्या भागाला खुणांचा स्पर्श अगदी जुजबी. म्हणजे मी २७ वर्षं ज्याला निरुपयोगी म्हणून लिहून देत होते, कात्री कुठं चालवायची हे सगळं त्याच्याच अंगावर लिहिलेलं होतं. आणि कात्रीही कसली? तिथं ब्लेडच नाही. मधला तो ए उठून इंट्रॉनच्या सुरुवातीच्या जीला जाऊन भिडतो. भिडतो तसा तिथला जोड सुटतो, आणि इंट्रॉनचं टोक त्या एला चिकटून एक सरकफास तयार होतो. मग मोकळा झालेला पहिला एक्झॉन पुढच्या एक्झॉनला जाऊन भिडतो, आणि फास गळून पडतो. जोडणं आणि तोडणं या तिथं दोन क्रिया नाहीतच. एक जोड करता करता दुसरा सुटतो.

जनुकात असे टाकायचे तुकडे असतात हे दिसलं १९७७ साली. तोवरची सगळी समजूत जिवाणूंवरून आलेली: जनुक म्हणजे सलग ओळ, तिची सलग नक्कल, तिचं सलग प्रथिन. सर्दी-खोकला आणणाऱ्या अ‍ॅडेनोव्हायरसवर अमेरिकेत दोन ठिकाणी काम चालू होतं, कोल्ड स्प्रिंग हार्बरला आणि एमआयटीत. विषाणूचा डीएनए आणि त्याच्यापासून तयार झालेला आरएनए एकत्र ठेवले की जिथं अक्षरं जुळतात तिथं ते चिकटतात, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोऱ्यासारखे दिसतात. दोरा दोऱ्याला सरळ चिकटायला हवा होता. पण आरएनएचं सुरुवातीचं टोक लोंबकळतच राहायचं. त्याला त्याची जोडीदार अक्षरं सापडली ती शेजारी नाही, लांब लांब तीन ठिकाणी. आणि मधला डीएनए बिनजोडीचा, म्हणून फुगून त्याचे वळसे झालेले. ते फोटो पाहिले की मला आमच्या आजीच्या विणकामाच्या पिशवीत गुंतलेली लोकर आठवते. पुढच्या वर्षी वॉल्टर गिल्बर्ट यांनी तुकड्यांना नावं दिली, इंट्रॉन आणि एक्झॉन. १९९३ साली या दोन गटांतल्या रिचर्ड रॉबर्ट्स आणि फिलिप शार्प यांना नोबेल मिळालं. ज्यांनी कोल्ड स्प्रिंग हार्बरला सूक्ष्मदर्शकापाशी बसून ते वळसे पाहिले त्या लुईस चाऊ यांना नाही, एमआयटीतल्या सूझन बर्जेट यांनाही नाही. नोबेल तिघांत वाटता येतं. त्या वर्षी ते दोघांनाच दिलं आणि तिसरी जागा रिकामी ठेवली. मला हे खुपतं. वर्गात मी हे कधी सांगितलं नाही, कारण ते परीक्षेत विचारत नाहीत.

एक मात्र सांगायचे, अधूनमधून, वर्ग चांगला असला तर. पेशीतलं हे कापाकापीचं यंत्र सापडलं ते आजारी माणसांच्या रक्तामुळे. ल्युपस या आजारात शरीर स्वतःवरच उलटतं, स्वतःच्याच पेशीतल्या वस्तूंविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार करतं. येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि त्यांचे विद्यार्थी मायकल लर्नर यांनी १९७९ च्या सुमारास तीच प्रतिद्रव्यं गळासारखी वापरली. शरीर चिडलंय कशावर, ते ओढून बाहेर काढलं. गळाला लागले लहान लहान आरएनए आणि त्यांना चिकटलेली प्रथिनं: यू-१, यू-२ आणि त्यांची भावंडं. पुढच्याच वर्षी त्यांनी म्हटलं की यातल्या यू-१ ची अक्षरं इंट्रॉनच्या सुरुवातीशी जुळतात, म्हणजे खूण ओळखणारा बहुधा हाच. तो खरंच तोच होता. यू-१ आपली अक्षरं त्या जागेवर ठेवून बघतो, जुळली की बसतो, मग बाकीचे येतात. पाच आरएनए, शंभराहून जास्त प्रथिनं. एक इंट्रॉन काढायला एवढं मोठं मंडळ जमतं, काम झालं की मोडतं, पुढच्या इंट्रॉनला नव्यानं जमतं. लग्नाच्या मांडवासारखं.

आता ते पाचवं अक्षर. बीटा ग्लोबिन हा हिमोग्लोबिनचा एक घटक. त्याचं जनुक तसं छोटंसंच, अकराव्या गुणसूत्रावर, नकलेत सुमारे १,६०० अक्षरं. तीन एक्झॉन, दोन इंट्रॉन. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५०. म्हणजे ९८० अक्षरं जातात आणि सव्वासहाशे उरतात. फणस फोडल्यावर गरे किती नि बाकीचं किती, तसा हिशेब. पहिल्या इंट्रॉनची सुरुवात अशी: जी यू यू जी जी यू. यू-१ या अक्षरांवर बसतो. मुळातच त्याला हवी तशी ही तंतोतंत जुळत नाहीत, पण भागतं. आता यातलं पाचवं अक्षर, जी, त्याच्या जागी सी ठेवा. पहिली दोन अक्षरं, जी-यू, आहेत तिथंच आहेत. खूण पुसलेली नाही, फक्त फिकी झाली. यू-१ ची पकड सुटते. थोडा वेळ टिकली तर टिकली, पण बहुतेकदा सुटतेच, आणि मग ते सगळं मंडळ आसपास दुसरी बरी दिसणारी खूण शोधायला लागतं. अशा तीन खुणा त्याला सापडतात. एरवी त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. एक १६ अक्षरं अलीकडे, एक ३८ अक्षरं अलीकडे, दोन्ही ठेवायच्या भागातल्या. तिसरी १३ अक्षरं पलीकडे.

आणि इथं माझ्यातल्या शिकवणाऱ्या बाईला गणित आठवतं. पेशी तीन-तीन अक्षरांचे शब्द वाचते. सोळाला तीननं भाग जात नाही. अडतीसला जात नाही. तेराला जात नाही. एकाला तरी गेला असता तर कदाचित दोन-चार अमिनो आम्लं कमी-जास्त होऊन बाकीचं प्रथिन वळणावर राहिलं असतं. पण तीनपैकी कुठूनही कापलं तरी पुढचा प्रत्येक शब्द चुकीच्या जागी तुटतो. पहिलीच्या वर्गातल्यासारखं ‘छगन कमळ बघत’ असं लिहा, आणि पहिलं अक्षर काढून पुन्हा तीन-तीनची जुळणी करा: ‘गनक मळब घत’. एकच अक्षर गेलं, पण छगन गेला, कमळ गेलं, बघणंही गेलं. १४६ अमिनो आम्लांची साखळी व्हायची, ती होत नाही. थोडासा आरएनए अजूनही बरोबर कापला जातो, पण तो फारच थोडा. दोन जनुकांपैकी एकात असं असेल तर दुसरं निभावून नेतं, माणूस फिकट दिसतो, लोहाच्या गोळ्या खातो. दोन्हींत असेल तर नाही निभत.

बाबांचं एकदा असं झालं होतं. ऊसवाल्या शेतकऱ्याची मुलाखत, ‘या दिवसांत पाणी देऊ नका’ असं वाक्य, पाठोपाठ एक लांब खोकला. बाबांनी खोकला काढला आणि खूण चार बोटं अलीकडे झाली असावी, खोकल्याबरोबर ‘नका’ही गेलं. ‘या दिवसांत पाणी देऊ.’ रात्री जेवता जेवता त्यांना ते आठवलं. घास तोंडात होता तसाच राहिला. ते उठले, हात धुतले, सायकल काढली. टोपली उपसून ते ‘नका’ शोधून जोडलं म्हणे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, मला ते फार थोर वगैरे वाटलं नाही. त्या रात्री माझ्या पतंगाच्या शेपटीसाठी टोपलीतलं काही उरलं नाही एवढंच लक्षात राहिलं.

पेशीला टोपलीत हात घालता येत नाही. गळून पडलेला फास सरळ केला जातो आणि बहुतेकदा अक्षरं सुटी करून पुन्हा वापरली जातात. सगळेच फास मात्र मोडीत निघत नाहीत. काही इंट्रॉनांच्या पोटात लहान, कामाचे आरएनए दडलेले असतात, ते तेवढे काढून ठेवले जातात. ‘निरुपयोगी’वर काट मारायला एवढंही पुरेसं होतं. शिवाय मी दुसरी एक थाप मारत आले होते, बाणाची. फळ्यावर आधी ट्रान्स्क्रिप्शन, मग बाण, मग स्प्लायसिंग. प्रत्यक्षात नक्कल उतरत असतानाच कापाकापी चालू होते. स्नायूंतल्या डिस्ट्रोफिनचं जनुक तर एवढं लांब, बावीस लाख अक्षरांच्या वर, की त्याची एक नक्कल पुरी व्हायला सुमारे १६ तास लागतात. शेपूट लिहून व्हायच्या कितीतरी आधी डोक्याकडचे इंट्रॉन गळून गेलेले असतात. बाण काढून पोरं बिचारी तेच उत्तर लिहीत होती आणि मी बरोबरची खूण करत होते.

तिच्या प्रश्नाचा राग यावा तसं काहीतरी मला दोन दिवस होत राहिलं. राग तिचा नव्हता. २७ वर्षांत किती वर्गांना मी ते वाक्य लिहून दिलं, त्यातले किती जण डॉक्टर झाले, किती जणांच्या फायलीत असली ओळ आली असेल! आपल्याकडे शंभरात तीन-चार जण वाहक असतात. ऐंशीच्या वर्गात, म्हणजे, दोन-तीन तरी असणार, आणि त्यांतले काही माझ्यासमोर बसून, स्वतःच्या रक्तातल्या त्या जागेला ‘निरुपयोगी’ असं लिहून घेत होते. खाली दोनदा रेघ मारून.

तिसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. जाताना बाबांचा तो ठोकळा पर्समध्ये टाकला. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. ती, तिचा नवरा, आणि सासूबाई. सासूबाईंनी दारातच सांगून टाकलं, ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही हो.’ मुलाचा कागद टेबलावरच पडला होता. मी त्यावर काही बोलले नाही. बोलणं माझं काम नव्हतं आणि त्या भेदरलेल्या होत्या. नवऱ्यानं विचारलं, ‘दोघांचं अगदी एकच निघालं, म्हणजे आमचं लांबचं नातं निघतं का?’ तसं काही नाही म्हटलं, हा बदल आपल्याकडे जातीपातीत, गावोगाव पसरलेला आहे. त्याला बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.

मग मी वर्तमानपत्राची लांब पट्टी कापली आणि तिच्यावर अक्षरं लिहिली. छगन, कमळ, आणि मधे पेन्सिलीनं इंट्रॉन. पट्टी ठोकळ्यात बसवून दाखवली: खूण इथं असते, टाकायच्या भागावर. पाचवं अक्षर फिकं झालं की हात घसरतो आणि इथं कापलं जातं. गनक मळब घत. सासूबाईही चष्मा लावून बघत होत्या. नवरा म्हणाला, ‘पण मग ही खूण बाहेरून ठळक नाही का करता येणार?’ मला आतून लख्ख आनंद झाला, वर्गात व्हायचा तसा, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. म्हटलं, या जनुकात हा उपाय अजून रुग्णापर्यंत पोचलेला नाही. दुसऱ्या एका आजारात मात्र असं झालंय. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, ते सोळा कोटींचं इंजेक्शन पेपरात गाजलं होतं ना, तोच आजार. ते इंजेक्शन वेगळं, त्यात जनुकच नवं देतात. पण त्याच आजारावरचं न्युसिनर्सेन नावाचं औषध स्प्लायसिंगवर चालतं. त्या आजारात जे जनुक बिघडलेलं असतं, त्याच्या जोडजनुकात सातवा एक्झॉन चुकून वगळला जातो. का, तर शेजारच्या इंट्रॉनमधला पंधरा अक्षरांचा एक पट्टा ‘हा वगळा’ म्हणतो. रवींद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पट्टा २००६ साली दाखवला. हे औषध त्याच पट्ट्यावर जाऊन बसतं, त्याचं तोंड बंद करतं, आणि एक्झॉन राहतो. अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरात त्याला मान्यता मिळाली. ‘म्हणजे तेही फेकून द्यायच्या भागातच,’ ती म्हणाली. तेही तिथंच, म्हटलं. नवरा काही बोलला नाही. सोळा कोटी हा आकडा खोलीत येऊन बसला होता आणि तो मीच आणला होता.

ती उठून आत गेली. पंखा चालू होता, पट्टीचे तुकडे टेबलावरून उडून सासूबाईंच्या पायाशी गेले, आणि त्यांनी ते वाकून एकेक गोळा करून पुन्हा टेबलावर ठेवले. छगन कुठला, कमळ कुठलं, त्यांना नीट लक्षात होतं. ती बाहेर आली ती बारावीची वही घेऊन. दोनशेपानी, कोपरे दुमडलेले, वर प्लास्टिकचं कव्हर. बारा वर्षं हिनं ही कशाला ठेवली असेल! पान तिनं आधीच काढून ठेवलं होतं. माझी पट्टी, माझ्या तिरक्या रेघा, आणि निळ्या शाईत माझंच वाक्य. इंट्रॉन : निरुपयोगी भाग. खाली दोन रेघा. शेजारी कंसात ‘शिंपी’ असंही लिहिलेलं.

‘दुरुस्त करून द्या, मॅडम.’

लाल पेन तिनंच दिलं. ‘निरुपयोगी’वर काट मारली आणि वर काय लिहावं ते सुचेना. जागाही नव्हती, ही पोरगी ओळीला ओळ लावून लिहायची. शेवटी समासात लिहिलं, ‘पाचवं अक्षर पाहा.’ आणि ‘शिंपी’ही खोडला. तिनं वाचलं, म्हणाली, सही करा. सही केली. तारीख घाला, म्हणाली. तारीखही घातली.

रिपोर्ट सोमवारी यायचाय.